सुपारी ‘लागते’ म्हणजे काय होते?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काही वर्षांपूर्वीच्या गणपतीतली गोष्ट. आमच्या घरी आरतीच्या वेळी शंख फुंकायचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे. त्या वर्षी मी शंख ओठाला लावला, गाल फुगवायला गेलो आणि गाल काही फुगेनात. नुसता ‘फुस्स’ असा आवाज झाला. नातवंडे खो खो हसली. मीही हसलो आणि म्हटले, आता वय झाले.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. नाचणीची भाकरी आणि लसूण-मिरचीचा ठेचा हे माझे आवडते जेवण. पण हळूहळू ठेचा तोंडात झोंबू लागला. मग लोणचे झोंबू लागले. पुढे पुढे साधी आमटीसुद्धा गालाच्या आतून आग आग करायची. घरात माझ्यासाठी वेगळी, बिनतिखटाची आमटी शिजू लागली. तेव्हाही मी म्हटले, पित्त असेल. शंख न वाजणे आणि ठेचा झोंबणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल आणि त्या दोहोंचा माझ्या गालातल्या सुपारीच्या खांडाशी संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आले नाही.

शेवटी दाढ दुखली म्हणून महाडला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. म्हणाल्या, “गुरुजी, आ करा.” मी म्हटले, “केलाय की.” त्या म्हणाल्या, “एवढाच?” मग त्यांनी मला माझीच तीन बोटे, म्हणजे अंगठ्याजवळचे, मधले आणि त्याच्या शेजारचे, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगितली. दोन बोटे जेमतेम गेली. तिसरे जाईना.

“तंबाखू किती वर्षे खाता?” त्यांनी विचारले. मी जरा ताठ बसलो. म्हणालो, “बाई, मी प्राथमिक शिक्षक होतो. उभ्या आयुष्यात तंबाखूला शिवलो नाही. फक्त सुपारी.” त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मग आपण सुपारीबद्दलच बोलू या.”

मंडळी, आज मीही आपल्याशी त्या ‘फक्त सुपारी’बद्दलच बोलणार आहे. मी वैद्य नाही. पस्तीस वर्षे सुपारी खाल्लेला, आणि ती सोडल्यावर तिच्याविषयी जमेल तितके वाचलेला, विचारलेला एक निवृत्त शिक्षक आहे.

मी शिवथरच्या खोऱ्यातला. महाडहून वरंध घाटाच्या वाटेने निघाले आणि मध्येच आत वळले की आमचे खोरे लागते. पुष्कळांना ते शिवथरघळीमुळे माहीत असते. समर्थ रामदासांनी दासबोध जिथे लिहिला असे मानतात, ती ही घळ. पावसाळ्यात तिच्या तोंडाशी धबधबा कोसळतो, तेव्हा शेजारी उभ्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. आमच्याकडे शेती भाताची आणि वरकस जमिनीवर नाचणी-वरीची. पोफळीच्या वाड्या त्या खाली बंदरपट्टीत, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडे. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तीच महाडच्या बाजारातून आमच्या घराघरात येई.

आणि सुपारी नाही असे घर नव्हते. पाहुणा आला की आधी पाणी, गूळ आणि मग पानाचा डबा पुढे सरकायचा. आजीच्या कमरेला चंची आणि चंचीत अडकित्ता. तिचे दात पडल्यावर ती लहानशा खलबत्त्यात विडा कुटून खायची. लग्न ठरले म्हणजे ‘सुपारी फुटली’. पूजेला तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवली की तोच गणपती. हळदीकुंकवाला पान-सुपारी, बारशाला पान-सुपारी. विडी ओढणारा मुलगा बापाला पाहून विडी पाठीमागे लपवायचा. सुपारी खाणाऱ्या मुलाला बापच अडकित्ता पुढे करायचा. जी वस्तू देवापुढे असते आणि वडीलधारी माणसे हातावर ठेवतात, तिच्यात काही वावगे असेल असे कोणाला वाटणार?

मी सुपारी धरली ती अध्यापक विद्यालयात असताना. रात्री जागून अभ्यास करायचा, झोप येऊ नये म्हणून खोलीतल्या सोबत्याने एक खांड दिले. पुढे नोकरी लागली. पावसात भिजत वाड्यावाड्यांवर मुले गोळा करायला जायचे, जनगणनेला डोंगर चढायचे, संध्याकाळी एकट्याने खोलीवर परतायचे. या सगळ्यात गालातले खांड म्हणजे सोबत. दिवसाला दहा-पंधरा खांडे सहज व्हायची. कित्येकदा रात्री गालात खांड तसेच ठेवून झोपायचो.

आता गंमत पाहा. सुपारी ही निव्वळ चघळायची वस्तू नाही, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपण म्हणतो, ‘सुपारी लागली.’ पहिल्यांदाच सुपारी खाणाऱ्याला, किंवा नवी, ओली, तुरट सुपारी जास्त झालेल्याला एकदम घाम फुटतो, कान तापतात, छातीत धडधडते, गरगरते, घशात काहीतरी अडकल्यासारखे होते. मग घरातले कोणीतरी थंड पाणी देते, जिभेवर मीठ नाही तर गुळाचा खडा ठेवते, आणि थोड्या वेळाने बरे वाटते. बडीशेप कधी कोणाला लागली असे आपण ऐकले आहे का? खोबरे लागले, खडीसाखर लागली असे म्हणतो का? नाही. सुपारी मात्र लागते, कारण तिच्यात औषधासारखा परिणाम करणारे द्रव्य आहे.

त्या द्रव्याचे नाव अरेकोलिन. सुपारी चावली की ते लाळेत उतरते आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जाते. पोटात जाऊन पचायची ते वाट पाहत नाही, म्हणून काही मिनिटांतच परिणाम जाणवतो. सोबत चुना असला तर ही क्रिया आणखी जोरात होते. लाळ सुटणे, घाम येणे, नाडीची गती, श्वासनलिकांचे आकुंचन यांचे नियंत्रण ज्या मज्जातंतूंकडे असते, त्यांना अरेकोलिन चाळवते. म्हणून तोंडाला पाणी सुटते, अंगात ऊब येते, तरतरी वाटते. दम्याच्या माणसाला सुपारीने धाप लागू शकते, त्याचेही कारण हेच. कशेडी आणि आंबेनळी घाटातून रात्रीची गाडी हाकणारे पोलादपूरकडचे चालक डोळा लागू नये म्हणून गालात सुपारी धरतात. मळभ आले की आमचा शेतकरीही धरतो. त्यांना तरतरी येते हे खरेच आहे. त्यात कल्पनेचा भाग नाही.

पण महिना-दोन महिन्यांत सुपारी ‘लागणे’ बंद होते. आपण म्हणतो, आता सवय झाली, मानवली. शरीराच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की तेवढ्या मात्रेला शरीर सरावले; आता तेवढीच तरतरी यायला जास्त खांडे लागणार. आणि नाही मिळाली तर डोके जड, चिडचिड, कामात लक्ष नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिले की तंबाखूतले निकोटिन मेंदूतल्या ज्या ग्राहकांना जाऊन चिकटते, त्यांतल्या काहींवर अरेकोलिनही काम करते. म्हणजे कुलूप तेच, किल्ली तेवढी वेगळी. तंबाखूला न शिवल्याचा अभिमान मी ज्या डॉक्टरीणबाईंपुढे मिरवला, त्या का हसल्या नाहीत ते मला हे वाचल्यावर कळले. जगात सुमारे साठ कोटी लोक कोणत्या ना कोणत्या रूपात सुपारी खातात असा अंदाज आहे. तंबाखू, मद्य आणि चहा-कॉफीतले कॅफिन यांच्या खालोखाल तरतरीसाठी घेतल्या जाणाऱ्या पदार्थांत सुपारीचा नंबर लागतो.

आता माझा गाल का फुगला नाही ते सांगतो. गालाच्या आतल्या त्वचेखाली एक मऊ, लवचिक थर असतो. जांभई देताना, घास घेताना, गाणे म्हणताना गाल ताणला जातो तो या थरामुळे. या थरात कोलॅजन नावाचे तंतू असतात. शरीर हे तंतू सतत नवे करत असते आणि जुने विरघळवून टाकत असते. घरातला केर रोज जमतो आणि रोज काढला जातो, तसे. सुपारी या दोन्ही कामांत ढवळाढवळ करते. अरेकोलिनमुळे तंतू जास्त तयार होतात. सुपारीत तांब्याचे प्रमाण बरेच असते; त्यामुळे हे तंतू एकमेकांना घट्ट बांधणारी क्रिया वाढते. सुपारीतली तुरट द्रव्ये त्या तंतूंना असे पक्के करतात की ते विरघळेनासे होतात. चामडे कमावायला तुरट साल वापरतात ना, त्यातलाच प्रकार. शिवाय कठीण खांडाचे गालाला सारखे घासणे असतेच.

वर्षानुवर्षे असे झाले की मऊ थराच्या जागी ताठ पट्टे तयार होतात. डॉक्टरीणबाईंनी मला माझेच बोट गालाच्या आतून फिरवून पाहायला सांगितले. पिळलेल्या काथ्यासारखे उभे पट्टे हाताला लागले. स्वतःच्याच तोंडात तो काथ्या चाचपताना मला कसे वाटले ते सांगता येणार नाही.

या विकाराला ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. सोप्या भाषेत तोंड आखडणे. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याची नोंद केली आणि लगेच पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानी आखडलेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे हा विकार वैद्यकाच्या वहीत आला तो आपल्याच माणसांच्या तोंडावरून. सुरुवात होते ती तिखट झोंबण्याने. मग तोंड कोरडे पडते, बारीक फोड येतात, गालाची आतली बाजू गुलाबी न राहता संगमरवरासारखी पांढुरकी होते. मग तोंड कमी उघडू लागते, जीभ पुरती बाहेर येत नाही, शीळ घालता येत नाही, फुंकर मारता येत नाही. काहींचा आवाज नाकातून येतो, कान दुखतात. शेवटी घास जाण्यापुरतेही तोंड उघडत नाही.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की एकदा तयार झालेले पट्टे पूर्णपणे जात नाहीत. इंजेक्शने आहेत, गोळ्या आहेत, तोंडाचे व्यायाम आहेत, फारच आखडले तर शस्त्रक्रिया आहे. त्याने आराम पडतो; पण पूर्वीचा गाल परत मिळत नाही. म्हणून पहिल्या पायरीवर, तिखट झोंबते तेव्हाच, सुपारी सुटली पाहिजे.

आणि याच्या पुढची पायरी कर्करोगाची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा सतरा वर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी ७.६ टक्के लोकांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला. शंभरात सात-आठ. आमच्या एका लहान वाडीत शंभर माणसे असतात. त्यातली सात-आठ म्हणजे दीड-दोन घरे.

इथे कोणीही विचारील, आणि आमच्याकडे हमखास विचारतात, “सुपारीनं काय व्हतंय? तंबाकू थोडीच हाय ती!” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. शास्त्रज्ञांनाही तो बरीच वर्षे पडला होता. आपल्याकडे विडा खाणारे बहुतेक लोक त्यात तंबाखू घालतात; मग कर्करोग तंबाखूने झाला की सुपारीने, हे वेगळे कसे काढणार? जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये आहे. १९८५ साली या संस्थेने तंबाखू घातलेला विडा कर्करोग करतो असे ठरवले, पण बिनतंबाखूच्या विड्याबाबत पुरावा अपुरा आहे असे म्हटले. म्हणजे माझ्या पिढीने सुपारी धरली तेव्हा खात्रीने कोणी सांगूच शकत नव्हते.

हे कोडे सुटायला मदत झाली ती तैवानची. तिथे सुपारी खाणारे खूप, पण ते तिच्यात तंबाखू घालत नाहीत. तरीही तिथे तोंडाचा कर्करोग पुष्कळ आढळला. असे पुरावे जमले आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याच संस्थेने स्पष्ट केले की सुपारी ही स्वतःच, तंबाखू नसतानाही, माणसाला कर्करोग करणारी वस्तू आहे. तिला पहिल्या गटात घातले. त्याच गटात तंबाखू आहे, मद्य आहे, ॲस्बेस्टॉस आहे. याच संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात तोंडाच्या कर्करोगाचे जे नवे रुग्ण आढळले, त्यांपैकी सुमारे १,२०,२०० रुग्णांच्या आजाराचे मूळ तोंडात धरायच्या तंबाखूत आणि सुपारीत होते. त्यातले सुमारे ८३,४०० आपल्या भारतातले.

आकड्यांनी माणूस हलत नाही, हे शिक्षकाला कळते. मी हललो तो दुसऱ्याच कारणाने.

दवाखान्यातून आल्यावर थोड्याच दिवसांत शिमगा आला. शिमग्याला मुंबई-पुण्याची आमची मुले गावी येतात. माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. वय तेवीस. मुंबईत सामान पोचवायचे काम करतो. घरातून पुरणपोळी आणून पुढे ठेवली, तर तो पोळीचे नखाएवढे तुकडे करून ओठांतून आत सरकवू लागला. मी म्हटले, “अरे, नीट घास घे की.” तो म्हणाला, “जात नाही गुरुजी.” त्याचे तोंड एका बोटाच्या वर उघडत नव्हते. मला या वयात जे झाले, ते त्याला तेविसाव्या वर्षी माझ्याहून जास्त झाले होते.

मी विचारले, कधीपासून? म्हणाला, सहावीपासून. दुकानात गोड सुपारीची चिमुकली पाकिटे मिळायची, ती. पुढे मुंबईत मावा. मला राग आला. म्हणालो, “सहावीत? आणि मला कळू दिलं नाहीस?” तो खाली बघत हळूच म्हणाला, “तुमच्या गालात पण असायचीच ना गुरुजी. आम्हाला वाटायचं, चांगलीच असणार.”

तो काही मला दोष देत नव्हता. सहज बोलला. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी त्या मुलांना पाढे शिकवले, हात धुऊन जेवायला शिकवले, नखे कापायला शिकवले. आणि न बोलता, रोज साडेपाच तास, फळ्यासमोर उभा राहून सुपारीही शिकवली.

तरुणांचे तोंड इतक्या लवकर का आखडते, याचेही कारण आहे. आजीचा विडा जेवणानंतर व्हायचा, त्यात हिरवे पान असायचे, तो चघळून संपायचा. पाकिटातला माल कोरडा, बारीक, गोड आणि वासाचा. दिवसभरात किती वेळा तोंडात पडतो याचा हिशेब राहत नाही. पान खाणाऱ्यांपेक्षा गुटखा-पानमसाला खाणाऱ्यांचे तोंड कमी वर्षांत आखडते असे अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून विडा निर्दोष ठरतो असे मात्र नाही. कर्करोगाचा इशारा बिनतंबाखूच्या विड्यालाही आहे.

कायद्याने काही केले नाही असे नाही. महाराष्ट्राने २००२ मध्येच गुटख्यावर बंदी घातली होती. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याच्या आधारे २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर पुन्हा बंदी आली, आणि २०१३ मध्ये सुगंधित सुपारी, मावा, खर्रा हेही तिच्यात आले. पण साधी सुपारी या जाळ्यात नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, अठरा वर्षांखालच्या मुलाला विकू नये, असे २००३ चा कायदा सांगतो; तो तंबाखूसाठी आहे. साध्या सुपारीला तो लागू नाही. मूल दुकानात जाऊन सुपारी मागते आणि दुकानदार ती खाऊसारखी देतो. त्यामुळे इथे पहारा आईबापांनी आणि शिक्षकांनीच ठेवायचा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या स्वतःच्या गालापासून करायची आहे.

मी सुपारी कशी सोडली ते सांगतो, कारण पुष्कळांना तेच हवे असते. एका दिवसात सोडली. पहिला आठवडा फार वाईट गेला. डोके दुखायचे, घरातल्यांवर ओरडायचो, जबडा आपोआप हलायचा. जेवण झाल्यावरची दहा मिनिटे सर्वांत कठीण. तेवढ्या वेळात मी चूळ भरून घराबाहेर पडायचो आणि खळ्यापर्यंत जाऊन यायचो. अडकित्ता आणि डबा घरात डोळ्यांसमोर ठेवला नाही. खिशात भाजलेली बडीशेप, ओवा आणि धनाडाळ ठेवली. घरात आवळा सुपारी होऊ लागली. तिच्या नावात सुपारी आहे, पण आत सुपारी मुळीच नाही. आवळे किसायचे, त्यात मीठ, जिरेपूड, थोडा आल्याचा रस घालायचा आणि कडक उन्हात वाळवायचे. बरणीभर केली की बरेच दिवस जाते. विकतची घेताना मात्र पाकिटावरचे घटक वाचा; काही पाकिटांत खरी सुपारीही असते. महिन्याभरात तलफ पुष्कळ ओसरली. लग्नकार्यात अजून कधी कधी हात पुढे जातो. तो मी मागे घेतो.

तोंडासाठी व्यायाम दिला आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि काही दिवसांनी एकेक काडी वाढवायची. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. जोर केला तर इजा होते. आज माझी दोन बोटे सहज जातात, तिसरे निम्मे. पट्टे आहेत तिथेच आहेत, पण आग कमी झाली आहे. भाकरीबरोबर ठेच्याचे बोट चाटता येते. माझ्या त्या विद्यार्थ्यावर मुंबईत उपचार चालू आहेत. मावा सोडून त्याला दीड वर्ष झाले. ज्यांना मावा-तंबाखूही आहे, त्यांनी सोडण्याच्या मदतीसाठी १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोलावे.

काही खुणा लक्षात ठेवा. पूर्वी चालणारे तिखट आता झोंबते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आहे. एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही. तीन बोटे दातांत जात नाहीत. यातले एक जरी असले तरी लगेच तोंड दाखवा. तीस वर्षांवरील माणसांची तोंडाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही करतात. गावच्या आशाताईंना विचारा. तैवानमध्ये सुपारी खाणाऱ्यांची तोंडे सरकार दर दोन वर्षांनी फुकट तपासते. तिथे २००७ साली साधारण सहा पुरुषांमागे एक जण सुपारी खात होता. पुढच्या दहा-अकरा वर्षांत ते प्रमाण निम्म्याहून खाली आले. एका पिढीच्या आत सवय मोडता येते, ती अशी. गरोदर बायकांनी तर सुपारी कटाक्षाने टाळावी. तिचा कमी वजनाच्या बाळांशी संबंध आढळला आहे.

हे ऐकून बंदरपट्टीतल्या बागाईतदार मंडळींना वाईट वाटेल, याची मला जाणीव आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनकडच्या पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा पिढ्यांची कमाई जाताना आपण पाहिली. झाडाशी कोणाचे वैर नाही. पोफळीच्या विरीच्या पत्रावळ्या होतात, पूजेला सुपारी लागतेच. माझे म्हणणे गालातल्या सुपारीपुरतेच आहे.

आणि जुन्या मंडळींना धर्म बुडाल्यासारखे वाटायचेही कारण नाही. आमच्या घरी गणपतीत तांदळावर सुपारी आजही असते. ती पूजेची आहे. चघळलीच पाहिजे असे कोणत्या देवाने सांगितले आहे? मात्र पाहुण्यापुढे आता पानाचा डबा येत नाही. पाणी, गूळ आणि आवळ्याची वाटी येते. सुरुवातीला लोक टोकायचे. आता काही घरांतून वाटी रिकामी परत येते आणि कशी केली ते विचारायलाही येतात.

शंख आता माझी नात फुंकते. तिचे गाल पुऱ्यांसारखे टम्म फुगतात आणि आवाज पार खालच्या वाडीपर्यंत जातो.

मंडळी, माझे भाषण संपत आले. आता आपण बसल्या जागी एक करा. हात स्वच्छ धुऊन आपली तीन बोटे एकावर एक दातांमध्ये घालून पाहा. मग घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, करायला सांगा. तीनही गेली तर आनंद आहे. ती तशीच जात राहावीत म्हणून गालातले खांड आजच थुंकून टाका. न गेली तर उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा. मी बरीच वर्षे उशिरा गेलो.